निवांत बोलायला मुद्दाम वेळ काढला तरी गप्पा का होत नाहीत?

अर्धविराम
प्रश्न जरा बावळट वाटेल पण विचारतोच. माझा एक जुना मित्र आहे, कॉलेजपासूनचा, आता दोघं वेगवेगळ्या शहरांत, दोघांचेही संसार, त्यामुळे आम्ही असं ठरवलं की रविवारी सकाळी अर्धा तास फोनवर बोलायचं म्हणजे बोलायचं. कॅलेंडरला टाकून ठेवलंय, रिमाइंडर वाजतो, फोन लागतो. आणि मग होतं काय, तर नोकरीचं विचारून होतं, मुलांचं विचारून होतं, आईवडलांच्या तब्येतीचं होतं, आणि दहा-बारा मिनिटांत तो म्हणतो "बाकी काय?" मी म्हणतो "बाकी काही नाही, तुझं?" तो म्हणतो "चाललंय." मग दोघंही थोडा वेळ गप्प, आणि मग "चल, पुढच्या रविवारी बोलू". भांडण नाही, दुरावा नाही, काही लपवाछपवी नाही. हा तोच माणूस आहे ज्याच्याशी मी रात्ररात्र बोलत बसायचो आणि एवढं काय बोललात असं कोणी विचारलं तर सांगता यायचं नाही.

घरातही तेच. बायकोशी दिवसभर बोलणं भरपूर होतं पण ते सगळं हे भरलं का, ते आणलं का, उद्या कोण सोडायला जाणार. कोणी रेकॉर्ड करून ऐकलं तर वाटेल दोन सुपरवायझर शिफ्ट बदलतायत.

तर मला विचारायचंय की हे वयामुळे होतं का फोनमुळे, का अशा गप्पा मुळात ठरवून होतच नाहीत? आणि नाही झाल्या तर खरंच काही बिघडतं का, का मी उगाच जुन्या दिवसांचे गोडवे गातोय? कामाचं बोलणं तर चालूच आहे, माणसं जोडलेली आहेत, मग नेमकं कमी काय पडतंय हे मला नीट पकडता येत नाहीये.

उगाचच_एक
अर्धा तास ठरवला की पहिल्या मिनिटापासून उरलेली मिनिटं मोजायला सुरुवात होते. ठरवलेल्या वेळेचं काहीतरी चीज झालं पाहिजे असं वाटतं माणसाला, म्हणून मग तुम्ही दोघं सगळ्यात महत्त्वाचे विषय आधी उरकून घेता. आणि महत्त्वाचे विषय दहा मिनिटांत संपतात, सगळ्यांचेच.

पाल्हाळिक
नाव बघून घाबरू नका, मुद्द्यावर येतोय.

वरच्यांनी बरोबर धरलंय, पण मी जरा पुढे जाऊन म्हणेन की तुम्ही दोघं फोन नेमका तिथे ठेवता जिथून गप्पा सुरू व्हायच्या असतात. नोकरी, मुलं, तब्येत या सगळ्या बातम्या झाल्या. बातम्यांचा साठा लवकर संपतो आणि तो संपावाच लागतो, कारण तो संपल्याशिवाय माणूस दुसऱ्या कशाकडे वळत नाही. तुमच्या त्या "बाकी काय?" नंतर जी शांतता येते ना, तिला तुम्ही दोघं "बोलणं संपलं" समजता. ती थोडी सहन करून बघा. काही वेळा पुढे काहीच येत नाही हे खरंय, पण काही वेळा तिथेच समोरचा म्हणतो "अरे परवा एक विचित्र गोष्ट झाली" आणि मग गाडी कुठल्या कुठे जाते.

शांततेला आपण इतके घाबरतो का, याला जरा कारण आहे. बोलताना माणसं आपापली पाळी कशी घेतात यावर अभ्यास करणाऱ्यांनी २००९ मध्ये जगातल्या १० भाषा घेऊन मोजलं होतं की एकाचा प्रश्न संपला की दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला किती वेळ लागतो. भाषेभाषेत थोडा फरक होता पण सरासरी निघाली सेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्शाची, म्हणजे २०० मिलिसेकंद. आता गंमत अशी की एखाद्या वस्तूचं चित्र दाखवून नुसतं तिचं नाव सांगायला सांगितलं तरी माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच आपण आपलं जुळवायला लागलेलो असतो, ऐकणं आणि तयारी एकाच वेळी चालू. त्यामुळे अंतर जरा वाढलं की लगेच कान टवकारले जातात, काही चुकलं का, राग आला का, फोन कट झाला का.

फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर हे आणखी बिनसतं कारण आवाज पोचायलाच वेळ लागतो. पूर्वी उपग्रहावरून जाणारे परदेशी कॉल आठवतायत का, आवाज साधारण ३६,००० किलोमीटर वर जाऊन परत खाली यायचा, एका बाजूने पाव सेकंद तरी त्यातच जायचा, आणि मग दोघं एकदम बोलायला लागायचे आणि दोघं एकदम थांबायचे, "तू बोल", "नाही नाही तूच बोल". आता ते एवढं वाईट राहिलेलं नाही पण व्हिडिओ कॉलवर अजूनही बोलण्याची लय सतत अडखळतेच. माणसं म्हणतात व्हिडिओ कॉलवर दमायला होतं, त्याच्यामागे बाकी कारणंही असतील पण हे एक असणारच असं मला वाटतं.

पण हाच नियम जवळच्या माणसांमध्ये ढिला पडतो. अनोळखी माणसाबरोबर लांबलेली शांतता अवघड वाटते, मित्रांमध्ये तीच चालून जाते, उलट त्यात बरं वाटतं, असंही अभ्यासात दिसलेलं आहे. (अभ्यास कशाला पाहिजे, कोणालाही विचारा.) म्हणजे तुम्ही मित्राशी अनोळखी माणसाचे नियम लावून बोलताय, आणि ते रिमाइंडरमुळे होतंय असा माझा अंदाज. घड्याळ चालू असताना शांतता म्हणजे वाया जाणारा वेळ वाटणारच.

बायकोशी बोलण्याचं म्हणाल तर एक वाचलेलं आठवलं. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या जू-होआन्सी लोकांमध्ये एका मानववंशशास्त्रज्ञ बाई खूप वर्षं काम करत होत्या, त्यांनी तिथली दिवसाची बोलणी आणि रात्री शेकोटीभोवतीची बोलणी वेगळी करून बघितली, २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. दिवसाचं बोलणं बहुतेक करून कामाचं आणि एकमेकांच्या तक्रारींचं, गोष्टी अगदी थोड्या. रात्री मात्र ८० टक्क्यांच्या आसपास बोलणं गोष्टींचं, लांबच्या माणसांच्या, जुन्या प्रसंगांच्या, कोणाची कशी फजिती झाली असल्या. माणसं तीच हां. अंधार पडला की कामच करता येत नाही म्हणून बोलणं बदलतं. म्हणजे तुमचं ते सुपरवायझरांचं बोलणं काही नवीन रोग नाही, दिवसाचं बोलणं असंच असतं. आपण फक्त रात्रीसुद्धा दिवसच चालू ठेवलाय.

ओपीडीतला
मी डॉक्टर आहे, सरकारी ठिकाणी, त्यामुळे निवांत हा शब्द माझ्या डिक्शनरीत नाही. पण वर जे लिहिलंय की बातम्या संपल्यावर खरं बोलणं सुरू होतं, ते मी रोज दारात बघतो.

पेशंट येतो, गुडघा दुखतो म्हणतो, गुडघा बघतो, औषध लिहितो, तो उठतो, कागद घडी करून खिशात टाकतो, दारापर्यंत जातो, दाराला हात लावतो आणि तिथून वळून म्हणतो "डॉक्टर, एक विचारायचं राहिलं". आणि ते जे राहिलेलं असतं ना ते छातीत दुखण्याचं असतं, नाहीतर झोप लागत नाही त्याचं, नाहीतर घरातल्या कोणाचं. गुडघा हे निमित्त होतं. आमच्या धंद्यात हे इतकं नेहमीचं आहे की शिकवतानासुद्धा सांगतात, दारातलं वाक्य सोडू नका.

याच्यावर आकडे पण आहेत. अमेरिकेत १९८४ मध्ये एक अभ्यास झाला होता, डॉक्टर पेशंटचं बोलणं किती वेळात मध्येच तोडतो याचा, उत्तर आलं सरासरी १८ सेकंद. आम्हाला वाटतं की मध्ये तोडलं नाही तर माणूस अर्धा तास बोलत बसेल. तर स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली डॉक्टरांनी ठरवून गप्प राहून बघितलं, पेशंटला मनात येईल ते पूर्ण बोलू दिलं. सरासरी निघाली ९२ सेकंद. दीड मिनिट! दहातले जवळजवळ आठ दोन मिनिटांच्या आत आपलेआप थांबले. मी हे वाचल्यापासून पहिली दोन मिनिटं पेन खाली ठेवतो, कीबोर्ड पण नाही. गर्दी तेवढीच असते, ओपीडी उशिरा संपत नाही, उलट दारातले "राहिलं" कमी झालेत असं मला वाटतं, मोजलं नाहीये.

तर बिघडतं का या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर, हो. माणसाला जे सांगायचं असतं ते तो पहिल्यांदा सांगत नाही, आधी दुसरंच काहीतरी सांगून बघतो की हा ऐकतोय का.

मुद्द्याचं_बोला
सगळे एका सुरात गप्पांची आरती ओवाळताय म्हणून जरा दुसरी बाजू.

निवांत गप्पा म्हणजे प्रत्यक्षात नव्वद टक्के वेळा एक माणूस बोलतो आणि बाकीचे अडकतात. प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो ज्याला वेळच वेळ असतो, तो स्वतःच्या बदलीची गोष्ट मुळापासून सांगतो, साहेबाचं नाव आठवेपर्यंत थांबतो, मग ते नाव चुकीचं होतं म्हणून परत मागे जातो, आणि तुम्ही पायात चप्पल घालून अर्धा तास दारात उभे. त्याला कोणी सांगत नाही. मग तुम्ही म्हणता हल्ली कोणी कोणाकडे जात नाही. का जातील?

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी हेच बघितलं होतं, की बोलणं लोकांना पाहिजे तेव्हा संपतं का. जोड्या करून बोलायला बसवलं, नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं की तुम्हाला केव्हा थांबावंसं वाटलं होतं. दोघांनाही हवं होतं तेव्हा संपलेल्या गप्पा किती, तर साधारण २ टक्के. बाकी सगळीकडे निदान एकजण तरी भिडेपोटी बसलेला, नाहीतर भिडेपोटी उठलेला. कारण दोघंही आपल्या मनातलं लपवतात आणि समोरच्याच्या मनातलं ओळखता येत नाही.

म्हणून मला अर्धा तास ठरवलेला बरा वाटतो. निदान सुटका ठरलेली असते.

पाल्हाळिक
तुम्ही अर्धाच अभ्यास सांगितलात राव. त्यातल्या बऱ्याच लोकांना बोलणं अजून चालायला हवं होतं, ते लवकर संपलं म्हणून हळहळत होते. समोरचा कंटाळला असेल असं समजून उठले. म्हणजे अडकवणाऱ्यांसारखेच उगाच सोडून देणारेही असतात, फक्त त्यांची तक्रार कोणी करत नाही कारण ते चांगले वागले असं सगळ्यांना वाटतं.

बाकी दारात अर्धा तास उभं राहण्याबद्दल सहमत. तो मीच असू शकतो.

मुद्द्याचं_बोला
संशय होताच.

पण ठीक आहे, तुमचा मुद्दा घेतो. मग मी असं म्हणेन की मोकळ्या गप्पांची पहिली अट उठून जायची मोकळीक ही आहे. "मी निघतो आता" म्हटल्यावर ज्या माणसाचं तोंड पडत नाही त्याच्याकडेच माणूस परत जातो आणि जास्त वेळ बसतो. जिथे उठताना दोनदा हात धरून बसवतात तिथे आपण जायच्या आधीच बहाणा तयार करून जातो. आग्रहाने गप्पा मरतात, घाईपेक्षा जास्त.

कपडे_वाळत_घालणारी
इथे सगळे पुरुष दिसतायत म्हणून बोलते. रात्ररात्र बोलत बसायचो हे वाचून छान वाटलं, पण त्या रात्री आजूबाजूचं कोण आवरत होतं हेही लिहा कधीतरी. माझ्या लहानपणी घरात गप्पांच्या मैफली व्हायच्या, वडलांचे मित्र, राजकारण, नाटक, हशा, आणि आई आत-बाहेर. तिला पूर्ण एक किस्सा कधी ऐकायला मिळाला नसेल, शेवट ऐकला तर सुरुवात नाही. मोकळा वेळ आकाशातून पडत नाही, दोन माणसं निवांत बसली असतील तर बहुतेक वेळा तिसरं कोणीतरी काम करत असतं.

मग बायका बोलत नाहीत का, तर भरपूर बोलतात, पण हाताने काहीतरी चालू असताना. मी आणि माझी जाऊ, आमचं आयुष्यातलं सगळं महत्त्वाचं बोलणं गच्चीवर चादरी पिळताना झालेलं आहे, तिने एक टोक धरायचं मी एक, पीळ घालत जवळ यायचं, झटकायची, दोरीवर टाकायची, आणि चादर मधे आली की एकमेकींचं तोंड दिसत नाही. तिने तिच्या पहिल्या गर्भपाताचं मला अशीच चादर मधे असताना सांगितलं. समोरासमोर बसवून "बोल, मला ऐकायचंय" म्हटलं असतं तर ती कधीच बोलली नसती.

त्यामुळे अर्धविराम, बायकोशी गप्पा होत नाहीत म्हणता तर तिला वेळ काढून समोर बसवू नका, तिच्या कामात निम्मं काम घ्या आणि शेजारी उभे राहा. बोलणं होईल न होईल, काम तर होईल.

अर्धविराम
ताई, शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली या बाईंना माझा नमस्कार सांग. आणि तुमचा पहिला मुद्दा खरा आहे, त्या रात्रींमध्ये आम्ही हॉस्टेलवर होतो त्यामुळे आवरायचं काही नसायचंच, आवरलेलं नसायचं हेच खरं. पण घरी आल्यावरच्या बैठकींचं तुम्ही म्हणताय तसंच होतं.

डॉक्टर, ते दारातलं वाचून मला आमचे फोन आठवले. माझा मित्र फोन ठेवता ठेवता म्हणतो "अरे ते एक सांगायचं होतं, जाऊ दे पुढच्या वेळी सांगतो". मी पण म्हणतो बरं. असं बऱ्याच वेळा झालंय.

एक अजून विचारायचंय. व्हॉईस मेसेज पाठवत बसणं हा यावर उपाय होऊ शकतो का? म्हणजे ज्याला जेव्हा वेळ तेव्हा तो बोलेल, घाई नाही.

उगाचच_एक
व्हॉट्सअॅपने २०२१ मध्येच व्हॉईस मेसेज दीडपट आणि दुप्पट स्पीडने ऐकायची सोय करून दिलीये. मी सगळ्यांचे दुप्पट स्पीडने ऐकतो. माझ्या मावशीला मी गेली काही वर्षं तिच्या खऱ्या आवाजात ऐकलेलं नाही, परवा भेटली तर वाटलं हिला बरं नाहीये का, इतकी हळू का बोलतेय.

तर नाही.

शेवटचा_बाक
मला मोकळं या भागाबद्दल बोलायचंय, निवांत वर बरंच झालं.

वेळ असून पण माणसं मोकळी बोलत नाहीत याचं एक मोठं कारण म्हणजे आता बोललेलं उरतं. मेसेज उरतो, स्क्रीनशॉट उरतो, कॉल कोणी रेकॉर्ड करेल याची खात्री नाही. गप्पांमध्ये आपण निम्म्या गोष्टी बोलून बघायला म्हणून बोलतो. मी एखादं टोकाचं मत ठोकून देतो, मित्र म्हणतो काहीही काय, मग मी ते लढवतो, लढवता लढवता मलाच कळतं की यात दम नाही, आणि दहा मिनिटांनी मी त्याच्या बाजूने बोलत असतो आणि तो माझ्या. कोणी हिशोब ठेवत नाही. हेच जर लिहून राहिलं तर पुढच्या वर्षी कोणीतरी काढून दाखवणार, तू तर असं म्हणाला होतास. मग माणूस काय करतो, एकदम पक्कं झालेलं तेवढंच बोलतो, आणि पक्कं झालेलं बोलणं म्हणजे भाषण. दोन जणांनी आळीपाळीने भाषण केलं तर त्याला गप्पा नाही म्हणत.

आणि याच्यातून काही निघतं का असं ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की हे दोघं मानसशास्त्रज्ञ, १९६९ च्या सुमारास जेरुसलेमला एकत्र आले आणि पुढे कित्येक वर्षं यांचं काम म्हणजे रोज तासन् तास एका खोलीत बसून बोलायचं, हसायचं, एकमेकांची वाक्यं पुरी करायची. माणूस निर्णय घेताना कुठे कुठे हमखास चुकतो हा त्यांचा विषय, आणि त्यातले बरेचसे प्रश्न ते आधी स्वतःलाच घालून बघायचे, आपण कसे फसतो ते बघायला. कुठली कल्पना कोणाची हे त्यांनाच सांगता यायचं नाही, म्हणून पहिल्या पेपरवर कोणाचं नाव आधी टाकायचं ते नाणं उडवून ठरवलं. कानेमनला २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ट्वर्स्की १९९६ मध्येच गेला होता. आता ह्या दोघांना कोणी दर सोमवारी अर्ध्या तासाचा अपडेट कॉल लावून दिला असता तर काय झालं असतं देव जाणे.

दुसरं माझं आवडतं उदाहरण फर्मीचं. १९५० चा उन्हाळा, अमेरिकेतली लॉस अॅलामॉसची अणुप्रयोगशाळा, एन्रिको फर्मी, एडवर्ड टेलर आणि आणखी दोघं भौतिकशास्त्रज्ञ जेवायला चाललेत, रस्त्यात उडत्या तबकड्यांवरच्या एका व्यंगचित्रावरून टिंगल चाललीये. विषय बदलतो, जेवायला बसतात, भलतंच काहीतरी बोलणं चालू असतं, आणि मध्येच फर्मी म्हणतो, सगळे आहेत कुठे? म्हणजे परग्रहवासी. सगळे हसले, कारण विषय नसतानाही तो कशाबद्दल बोलतोय ते सगळ्यांना बरोब्बर कळलं. त्या प्रश्नावर लोक अजून पेपर लिहितायत. मीटिंगमध्ये असा प्रश्न विचारला असता तर चेअरमन म्हणाला असता अजेंड्यावर या.

अर्थात शंभरातल्या नव्याण्णव गप्पांमधून असलं काहीही निघत नाही आणि त्यासाठी करूही नयेत. निघावं म्हणून बसलं की परत ते चीज करायचं लचांड मागे लागतं.

ओपीडीतला
स्क्रीनशॉटवालं पटलं. आमच्याकडे पण पेशंटबरोबर नातेवाईक असला की पेशंट वेगळंच बोलतो. एका मिनिटासाठी नातेवाइकाला बाहेर पाठवलं की आवाजच बदलतो माणसाचा.

खडू_फळा
शिकवते. एवढंच सांगायचंय की शांतता सहन करा हे वर कोणीतरी म्हटलंय ते वर्गात अक्षरशः सेकंद मोजून करता येतं. मेरी बड रो म्हणून एक अमेरिकन बाई होत्या, सत्तरच्या दशकात त्यांनी दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारला की जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तेच तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात, मुलं स्वतः प्रश्न विचारायला लागतात. त्यांनी दुसरंही सांगितलं होतं जे लोक विसरतात, की मुलाचं उत्तर झाल्यावरसुद्धा थांबायचं. लगेच "शाब्बास" म्हणायचं नाही. कारण मूल तेव्हा अजून विचार करत असतं आणि शाब्बास म्हटलं की ते थांबतं.

तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतंय ना, चाळीस मुलांसमोर थांबून बघा, घाम फुटतो.

मोठ्या माणसांबरोबर पण चालतं. माझे वडील फोनवर "हो, ठीक आहे" च्या पुढे जात नाहीत असा आमचा सगळ्यांचा समज होता. मी त्यांच्या ठीक आहे नंतर काही बोलायचं थांबवलं, नुसती लाईनवर राहायची. ते खाकरतात, मग म्हणतात "म्हणजे तसं गुडघ्याचं काय झालं...", आणि मग चालू. (डॉक्टरसाहेब, गुडघाच बरं का परत.)

अर्धविराम
खूप काही मिळालं. मला एक खटकतंय ते सांगतो. तुम्ही सगळे म्हणताय ठरवू नका, मोजू नका, आपोआप होऊ द्या. पण आपोआप काही होतच नाही हो आता. न ठरवलेला मोकळा वेळ मिळाला की मी तरी फोन उघडून स्क्रोल करत बसतो, मित्र पण तेच करत असणार. ठरवलं नाही तर वर्ष-वर्ष बोलणंच होणार नाही. मग ठरवायचं की नाही?

पाल्हाळिक
ठरवायचं. सुरुवात ठरवायची, शेवट ठरवायचा नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आसपास काही मंडळी दर महिन्याला भेटायची, वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉट, ऑक्सिजनवाला प्रीस्टली, भांडी बनवणारा वेजवुड, आणि इरॅस्मस डार्विन म्हणजे आपल्या डार्विनचे आजोबा. सगळे भयंकर कामाचे लोक, कारखाने, दवाखाने सांभाळणारे, रिकामटेकडा एकही नाही. हे लोक भेटीचा दिवस पौर्णिमेच्या जवळपासचा ठरवायचे, का तर तेव्हा रस्त्यांवर दिवे नव्हते, उशीर झाला तरी चांदण्यात घरी जाता यावं म्हणून. लूनर सोसायटी हे नाव त्यावरूनच. म्हणजे ठरवणं होतं, अगदी पंचांग बघून ठरवणं होतं, पण ठरवलं काय तर उशीर झाला तरी चालेल याची सोय.

तुम्ही रविवार सकाळ बदला. रविवार सकाळी पुढे दहा कामं असतात. असा वेळ धरा ज्याच्या पुढे काही नाही, झोपण्याखेरीज. आणि व्हिडिओ नको, साधा फोन, कानाला लावून दोघांनीही चालायला जा. महिन्यातून एकदा झालं तरी पुरे, दर आठवड्याला तर बातम्याही साठत नाहीत.

मुद्द्याचं_बोला
आणि झोप आली तर झोप आली म्हणा आणि ठेवा.

तुमचं ते "जाऊ दे पुढच्या वेळी सांगतो" वालं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याला विचारा की ते काय होतं.

अर्धविराम
विचारतो. तसं एक डोक्यात होतं की सगळ्या जुन्या ग्रुपलाच एकत्र व्हिडिओ कॉलवर आणावं, नऊ जण आहोत, म्हणजे जुनं वातावरण तयार होईल. काय वाटतं?

पाल्हाळिक
नऊ जण एका खोलीत असतील तर धमाल, कॉलवर नको. रॉबिन डनबार नावाच्या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोकळ्या जागी माणसं कशी घोळक्याने बोलतात ते नुसतं बघून मोजलं होतं, एका गप्पेत साधारण चारपर्यंत माणसं टिकतात, पाचवा-सहावा आला की लगेच दोन घोळके होतात. खोलीत ते होऊ शकतं, दोघं खिडकीपाशी जातात, तिघं इकडे राहतात, मग अदलाबदल होते, कोणालाही वाईट वाटत नाही. व्हिडिओ कॉलवर बाजूला होताच येत नाही, एक बोलतो आणि आठ जण म्यूटवर चेहरा हसरा ठेवून बसतात.

कपडे_वाळत_घालणारी
आणि त्या नऊ जणांत एक बदलीची गोष्ट मुळापासून सांगणारा असणारच. आधी त्या एकाच मित्राला फोन लावा, नऊ जणांचं नंतर बघू.